धुरळ्यातला दिवा

उन्हाळ्यात लोहा-कंधार रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा दिवा मंद दिसला की ती लांब आहे, असे आपण धरून चालतो. पण मध्ये धुरळा असेल तर? ती जवळही असू शकते.

विश्वाच्या मोजमापातही हाच पेच आला होता. तारे फुटतात तेव्हा त्यांतले एका प्रकारचे तारे जवळपास सारखाच उजेड देतात. म्हणून उजेडावरून त्यांचे अंतर काढता येते. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांना असे दूरचे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे जास्त लांब. त्यावरून त्यांनी सांगितले की विश्व नुसते पसरत नाही, पसरण्याचा वेगही वाढतो आहे. या शोधाला २०११चे नोबेल मिळाले.

मध्ये धुरळा तर नाही ना, हा प्रश्न नेटाने धरून ठेवणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर होते. पुण्यात ‘आयुका’ त्यांनीच उभी केली. साधी धूळ उजेडाला लालसर करते, म्हणून ती पकडता येते. पण धातूच्या वाफेपासून बनलेले सुईसारखे बारीक कण सगळे रंग जवळपास सारखेच मंद करतील, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. तरी प्रश्न रास्त होता, आणि तो टाळून चालणार नव्हते.

मग उजेड न मोजताच पडताळा कसा घ्यायचा? धुक्यात मिनार फिका दिसतो, पण आखूड होत नाही. दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचे एक ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा आढळते. ते आकाशात केवढे दिसते हे मोजले, तर धुळीचा संबंधच येत नाही. या मोजणीचा कौलही वेग वाढतो आहे, असाच पडला.

दुसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा. धूळ त्यांना अडवत नाही, आणि लहरीच्या घडणीवरूनच अंतर निघते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पकडली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. विश्वाच्या हिशेबात हे अंतर शेजारचेच. त्यावरून आजचा पसरण्याचा वेग काढता आला. तो वाढतो का, हे पाहायला फार दूरच्या लहरी हव्यात.

अशा लहरी टिपणारे ‘लायगो-इंडिया’ आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, सुमारे २,६०० कोटींचा खर्च. केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते सुरू झाले की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यातून आली, हे जास्त अचूक कळेल.