सही मराठी माणसाची, संमती कोणाची?

खानापूर तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका बाईंना पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल केले होते. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. तरीही नोंदणीच्या खिडकीवर कागदांचा गठ्ठा मुलापुढे सरकवण्यात आला. निम्मा मजकूर कन्नडमध्ये, उरलेला इंग्रजीत. मुलाचे शिक्षण मराठी शाळेतले. "इथे, इथे आणि इथे" असे सांगून पाच ठिकाणी त्याच्या सह्या घेतल्या. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून व्हायची होती, परंतु पोट उघडावे लागले, आणि हे घरच्यांना नंतर कळले. तो वैद्यकीय निर्णय चुकला, असे माझे म्हणणे नाही. पण ती शक्यता संमतिपत्राच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिली होती. पुढे मुलगा झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा ते कलम त्याला मी वाचून दाखवले.

यावर ठरलेले उत्तर मिळते: बेळगावात परिचारिका मराठी बोलतात, डॉक्टरही बोलतात, सगळे तोंडी समजावले जाते. खरे आहे, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मी मानतो. परंतु वाद उद्भवला की न्यायालयापुढे बोलणे येत नाही, कागद येतो. मराठीत सांगितलेले हवेत विरते. न वाचता आलेल्या मजकुराखालची सही मात्र कायम राहते. हे संरक्षण रुग्णालयाला मिळते, रुग्णाला नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. सज्ञान व सक्षम रुग्णाच्या बाबतीत आईची संमती ग्राह्य नाही, आणि पुरेशी माहिती मिळाल्यावर स्वेच्छेने दिलेलीच संमती खरी, असे न्यायालयाने म्हटले. मग ज्या भाषेचे अक्षरही वाचता येत नाही तीत दिलेली माहिती "पुरेशी" कशी? आमच्या न्यायालयात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. नव्या औषधाची चाचणी ज्याच्यावर होते, त्यालाही 2019 च्या नियमांप्रमाणे समजेल अशा भाषेतच माहिती द्यावी लागते. मग पैसे मोजून, वा सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहून उपचार घेणाऱ्याचा अधिकार आरोपीहून कमी का?

कोणी म्हणेल, तातडीच्या वेळी भाषांतर करत बसायचे काय? मुळीच नाही. प्राण वाचवणे आधी, सोपस्कार नंतर, हे परमानंद कटारा निकालाने 1989 मध्येच ठरवले आहे. माझे बोलणे आधी तारीख देऊन केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल आहे. तिथे छापील मराठी प्रत ठेवायला किती खर्च येतो? बिलाच्या सूचना लावायला भिंत सापडते!

जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषक रुग्णालाही हाच अधिकार आहे, आणि तो महाराष्ट्राने पाळला नाही तर मी त्याच्याही बाजूने लिहीन. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेनुसार, ज्या भागात ते 15 टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत निघाल्या पाहिजेत. खानापुरात मराठी माणूस त्याहून कितीतरी अधिक आहे. शासकीय रुग्णालयाचा दाखल-अर्ज महत्त्वाचा नाही, तर काय महत्त्वाचे?

तोवर एवढे करा. रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याचीच होऊ द्या. केसपेपरवरचे नाव आधारकार्डाशी अक्षरशः ताडून पाहा. कन्नडातून इंग्रजीत जाताना आपली आडनावे बदलतात आणि विम्याचा दावा अडतो. न समजणाऱ्या कागदावर सही करावीच लागली, तर तिच्या वर स्वतःच्या हस्ताक्षरात मराठीत लिहा: "हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला" किंवा "वाचून दाखवला नाही", जे खरे असेल ते. त्या कागदाची प्रत मागा. नाकारली, तर संविधानाच्या अनुच्छेद 350 चा आधार घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करा, आणि तीही मराठीतच लिहा.