गाडी सरळ उभी आहे, म्हणजे हलकी आहे असं नाही

पाट्यांच्या गाडीवर वजन जास्त झालं की ती लपवत नाही. पाटे सपाट होतात, मागची बाजू बसते, खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. हवेवरच्या गाडीचं तसं नसतं. तिच्या धुऱ्याजवळ लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो, साधारणपणे पुढे एक आणि मागे दोन. वजनानं गाडी जराशी खाली गेली की त्या व्हॉल्व्हची दांडी हलते, टाकीतली हवा गाडी पेलणाऱ्या रबरी एअर बॅगेत शिरते आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. तुम्ही दोन टन घाला नाहीतर चार टन, टाकीतला दाब पुरतो तोवर ती सरळच उभी राहणार. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

जेद्द्याच्या सनायात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, मी बसच्या एअर बॅगा बदलण्याचं काम करतो. मूळचा खेड तालुक्यातला. आयटीआय झाल्यावर एसटीच्या डेपोत उमेदवारी केली, तिथे हात पाट्यांवरच बसला. हवेचं काम इथे येऊन शिकलो, सियालकोटच्या एका उस्तादाकडून. इतकी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते मला आपल्या माणसांपुढे मांडायचं आहे. बसचं एकदा रूप बदललं की तिचा प्रत्येक धुरा वेगळा काट्यावर चढवावा आणि बॅगांमधला दाब गेज लावून मोजावा. त्याशिवाय ती गाडी रस्त्यावर येता कामा नये.

रूप बदललेल्या गाड्या इथे बऱ्याच येतात. प्रवासी वाहतुकीतून बाहेर पडलेली जुनी बस कोणीतरी विकत घेतं, सीटा काढून टाकतं आणि आत घर उभं करतं. सौदी माणसाला वाळवंटात तंबू ठोकून राहण्याची मनापासून आवड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं शहर सोडून वाळूत जाऊन राहतात. अशा कुटुंबासाठी बस म्हणजे चाकांवरचा बंगला. त्यात पलंग येतात, ओटा येतो, दोन फ्रीज, छतावर जादा एसी, मागे जनरेटर आणि पोटात पाण्याची टाकी. वाळवंटात पाणी लागणारच, त्यामुळे टाकी लहान नसते.

मालक सांगतो की पंचेचाळीस सीटा काढल्या, पंचेचाळीस माणसं कमी झाली, म्हणजे गाडी हलकीच झाली. माणशी सत्तर किलो धरले तर माणसांचे तीन टनांहून जास्त होतात, हे खरं. पण प्रवासी मुक्कामाला उतरतात. ओटा, पलंग आणि जनरेटर कधीच उतरत नाहीत. गाडी वर्षभर उभी असली तरी ते वजन बॅगांवर आहेच. शिवाय माणसं सगळ्या गाडीभर पसरून बसलेली असतात. पाचशे लिटरची टाकी मात्र अर्धा टन वजन एकाच जागी ठेवते, आणि ती डाव्या अंगाला बसवली असेल तर त्यातला बहुतेक भार डाव्या बॅगांवर जातो.

जनरेटरची जागा तर हमखास चुकते. तो मागे डिकीत ठेवतात, कारण तिथे आवाज कमी येतो. समजा दोन धुऱ्यांमध्ये सहा मीटर अंतर आहे आणि चारशे किलोचा जनरेटर मागच्या धुऱ्याच्या तीन मीटर मागे लटकतो आहे. मागच्या धुऱ्यावर त्याचे चारशे नाही, सहाशे किलो पडतात. वरचे दोनशे किलो पुढच्या धुऱ्यावरून उचलले जातात, तराजूच्या दांडीसारखे. पुढची चाकं तेवढी हलकी होतात आणि ओल्या किंवा वाळू साचलेल्या रस्त्यावर स्टिअरिंगची पकड कमी होते. गाडी तरीही सरळ उभी असते, कारण मागच्या व्हॉल्व्हनी गुपचूप हवा वाढवलेली असते.

ही हवा किती वाढते, त्याचा हिशेब अवघड नाही. बॅगेचा वजन पेलणारा व्यास पंचवीस सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण 490 चौरस सेंटिमीटर होतं. आत पाच बार दाब असेल तर एक बॅग अडीच टनांच्या आसपास पेलते आणि मागच्या चार मिळून दहा टन. आपल्याकडे चार टायरांच्या एका धुऱ्याची मर्यादा 2018 साली 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. म्हणजे बॅगेला लावलेला साधा गेजसुद्धा गाडी मर्यादेच्या किती जवळ आहे ते सांगू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे, तरीही ते कोणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

वजन जास्त असलेली बॅग लवकर जाते हे वेगळं सांगायला नको, पण इथे तिला आणखी तीन शत्रू आहेत. पहिला ऊन. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रबर कडक होतं, घडीच्या जागी बारीक केसासारख्या चिरा पडतात आणि पुढे त्यांतून आतला दोरा दिसायला लागतो. दोरा दिसला की बॅग संपली. तिच्यावर पंक्चरचं ठिगळ लावणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही. दुसरा शत्रू वाळू. मागच्या बॅगेचं रबर खालच्या पिस्टनवर वर-खाली गुंडाळत असतं. मध्ये बारीक वाळू शिरली की प्रत्येक धक्क्याला ते पॉलिश पेपरनं घासल्यासारखं झिजतं. म्हणून वाळवंटातून आलेल्या गाडीचं पोट आधी पाण्यानं धुवायचं.

तिसरा शत्रू आहे गाडी नुसती उभी राहणं. हिवाळा संपला की ही घरं मैदानात लावून ठेवतात, ती थेट पुढच्या हिवाळ्यात हलवायला. हवा हळूहळू निघून जाते, गाडी रबराच्या थांब्यांवर बसते आणि बॅगेची घडी महिनोन् महिने दुमडलेली राहते. मग एके दिवशी मालक येतो, इंजिन चालू करतो आणि गाडी वर यायच्या आतच गिअर टाकतो. चिमटीत सापडलेलं रबर तिथेच फाटतं. इंजिन चालू ठेवून हवेच्या टाक्या भरू द्या, गाडी पुरी वर येऊ द्या आणि मगच हलवा, एवढं मी प्रत्येक मालकाला हात जोडून सांगतो.

बॅग बदलायची तर दोन्ही बाजूंची जोडीनं बदलावी. फुटली एकच, मग दोनचे पैसे का, हा प्रश्न इथलाही मालक विचारतो आणि आपल्याकडचा ट्रॅव्हल्सवालाही. दोघी एकाच दिवशी बसवलेल्या असतात, एकच ऊन आणि एकच वाळू त्यांनी खाल्लेली असते. दुसरी फार दिवस काढणार नाही आणि ती फुटेल तेव्हा गाडी वर्कशॉपच्या दारात असेलच असं नाही. त्याच वेळी शॉकॲब्सॉर्बर बघावा. खड्ड्यातून चाक लटकतं तेव्हा बऱ्याच गाड्यांत तोच त्याला आवरतो. तो तुटलेला असेल तर बॅग गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि नवीकोरी बॅगही पिस्टनवरून सुटते. पिस्टन आणि वरची प्लेट गंजली असेल तर तीही बदलावी, कारण गंजाचे कंगोरे नव्या रबराला कापतात. हवा थोडी-थोडी भरावी, घडी सरळ बसली का ते बघत राहावं, जोडांवर साबणाचं पाणी लावावं आणि शेवटी कंपनीनं दिलेल्या आकड्यावरच उंची लावावी. डोळ्यांनी अंदाज घेऊन लावलेली उंची चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली माणसानं शिरू नये. जॅकवर आहे म्हणूनही शिरू नये. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडं लावा, चेसिसला मजबूत घोड्या द्या, वजन घोड्यांवर आलं याची खात्री करा, हवा सोडा आणि मगच आत जा. घोडी धुऱ्याखाली देऊन उपयोग नाही, कारण खाली येते ती चेसिस. व्हॉल्व्हच्या दांडीला कोपर लागलं, एक पाईप सुटला, तरी काही टनांचं धूड एका क्षणात खाली येतं. खाली झोपलेल्या माणसाला बाजूला सरकायलाही वेळ मिळत नाही. अशा प्रकारे माणसं मेली आहेत. ब्रिटनचं आरोग्य आणि सुरक्षा खातं गाडी दुरुस्त करणाऱ्यांना याबद्दल मुद्दाम बजावतं. आपल्या हायवेवरच्या गॅरेजांत मात्र अठरा-वीस वर्षांची पोरं नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपलेली मी पाहिली आहेत. इथे सौदीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्या उन्हात काम करायला बंदी आहे. चांगला नियम आहे, पण पत्र्याच्या शेडखालचं काम त्यात धरलं जात नाही आणि आमचं सगळं काम शेडखालीच चालतं. थकलेला माणूस घोडी द्यायचा आळस करतो. म्हणून घोडी दिली का, हे बघणारा दुसरा माणूस प्रत्येक गाडीजवळ उभा असलाच पाहिजे.

गळकी बॅग बदलायला टाळाटाळ करणाऱ्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॅगांना आणि ब्रेकना हवा देणारा कंप्रेसर एकच असतो. बॅग फुटली तरी ब्रेकची हवा राखून ठेवणारे व्हॉल्व्ह गाडीत असतात, त्यामुळे ब्रेक लगेच जात नाहीत. पण बॅग सतत गळत असली की कंप्रेसरला उसंत मिळत नाही. तो तापतो, तेल सोडतो, ड्रायरला हवेतलं पाणी आवरत नाही आणि ते तेल-पाणी हळूहळू ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. जेद्दा समुद्रकाठी, ताइफ साधारण 1,800 मीटर उंचीवर. तो उतार जनरेटर आणि पाण्याची टाकी घेऊन उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक ठणठणीतच हवेत. आपला बोरघाट आणि कशेडी घाट काय वेगळं मागतात?

हे सगळं मी महाराष्ट्रातल्या वाचकाला का सांगतो आहे, तर अशी घरं आता आपल्याकडेही येत आहेत. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मला त्याचा आनंदच आहे. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर माणसं आली, राहिली, तर आमच्या गावांना चार पैसे मिळतील. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. कागदावर बरंच काही आहे. मला काळजी वाटते ती पासिंग झाल्यानंतर गॅरेजमध्ये चढणाऱ्या वजनाची. आज जादा बॅटऱ्या, उद्या मोठी टाकी, परवा छतावर सौर पॅनेल. स्लीपर ट्रॅव्हल्सच्या टपावर आणि डिकीत भरला जाणारा पार्सलचा माल हा त्याच जातीचा प्रश्न आहे, फक्त तो रोज बदलतो.

म्हणून आरटीओनं प्रत्येक पासिंगला हवेच्या गाडीसाठी वेगळं पान ठेवावं. पाण्याची आणि डिझेलची टाकी पूर्ण भरून पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचं वजन वेगवेगळं घ्यावं. डाव्या-उजव्या बॅगेतला दाब गेजवर वाचून लिहावा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर आतल्या सामानाची जागा बदलल्याशिवाय शिक्का मारू नये. बॅगेवर छापलेली बनावटीची तारीख त्याच पानावर उतरवावी. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. वजनकाटा हायवेवर ठिकठिकाणी आहे आणि गेज कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो. तोवर कॅराव्हॅन भाड्यानं घेणाऱ्यानं चावी हातात घेण्याआधी मालकाकडे दोन्ही धुऱ्यांच्या काट्याची पावती मागावी आणि ती टाकी भरलेली असतानाची आहे का, तेही विचारावं.