सेवा करणारीस कोणी सांभाळावे?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, साथीत जिने आपली माणसे सांभाळली तिला कोणी सांभाळले, हा प्रश्न आज आम्ही विचारीत आहोत.

सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असता सावित्रीबाई फुले यांनी ६६ व्या वर्षी रोग्यांची सेवा पत्करली. मुंढव्याचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. त्याच वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला. पण दवाखान्यातील सेवकांवर हात टाकणारास खास शिक्षा त्यात येण्यास २२ एप्रिल २०२० उजाडले!

करोनाच्या साथीत नर्सबाई अंगभर झगा चढवून तासन् तास पाण्याच्या घोटावाचून उभ्या राहिल्या. नातलगांस आत मज्जाव, म्हणून मरणाराचा हात हिनेच धरावा. घरी जावे तर लेकरास जवळ घेण्याची धास्ती. झोप उडे, छाती धडधडे. हा मनाचा दुबळेपणा नव्हे; ही जखम आहे.

आणि आम्ही काय केले? २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजविल्या. पुढे आमच्या भातसानगरच्या बाजूस आशाताई घरोघर चौकशीस आली, तेव्हा आम्हीच, शिकलेल्या मास्तरांनी, दार लोटून घेतले. तिने उन्हात उभी राहून नावे लिहिली व मुकाट्याने पुढे गेली. धरणाचे पाणी मुंबईस पाजणाऱ्या गावात तिला तांब्याभर पाणी मिळाले नाही, ही लाज आमची आहे.

तरी ह्या बाया तगल्या. पाळी संपल्यावर एकमेकींपाशी रडल्या, बोलल्या. बरा होऊन घरी निघालेला रोगी पाहून धीर धरला. पण एवढ्यावर किती दिवस निभावे? मोबदल्यासाठी राज्यातील सुमारे ७० हजार आशांस जून २०२१ मध्ये संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. चांगले झाले, पण मानपत्राने चूल पेटत नाही, झोपही लागत नाही.

म्हणून ग्रामसभेत आपण मागावे: पाळीनंतर पुरता विसावा, वेळेवर मोबदला, आणि मन मोकळे करण्यास एक जाणता माणूस. ही भीक नव्हे, हक्क आहे. मात्र सरकारकडे बोट दाखविण्याआधी आपले दार उघडावे. पुढची साथ येईल तेव्हा आशाताईस प्रथम ओटीवर बसवा, पाणी द्या, आणि 'बाई, तू कशी आहेस?' एवढे विचारा.