बिघडलेल्या फळीला गुण द्या

महाबळेश्वरच्या बाजारात गेलात तर चणे-चिक्कीच्या दुकानांशेजारी लाकडी काठ्या मांडलेल्या दिसतील. एखादी हातात घ्या. मुठीवरचे कोरीव काम पाहण्याआधी लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात, ते पाहा. कारागिराची पटाशी त्या रेषांना विचारूनच चाललेली असते.

शाळांच्या हस्तकला प्रदर्शनांत मी कित्येक वर्षे जातो. टेबलावर पॉलिश केलेल्या गुळगुळीत वस्तू असतात. ‘पटाशी कोणत्या बाजूने चालवलीस?’ असे विचारले की मुलगा सरांकडे पाहतो आणि सर छताकडे! वस्तू विकत आणलेली असते. यात मुलाचा दोष नाही. आपण गुण तयार वस्तूला देतो, म्हणून तो तयार वस्तू आणतो. माझे म्हणणे असे, की गुण बिघडलेल्या फळीला द्यावेत.

शिक्षक हसतील. पण लाकूड म्हणजे काय? एका दिशेने रचलेल्या लांबट, पोकळ पेशींची जुडी. ती उभी सहज चिरते, आडवी तोडताना मात्र हात दुखतो. हे पाठ करण्याऐवजी करून पाहा. फळीतून वाटीएवढी चकती कापा, शिकंज्यात घट्ट धरा आणि तिच्या कडेवरून पटाशी एकाच दिशेने फिरवत न्या. चार पावांपैकी समोरासमोरच्या दोन पावांत ढलपी तुळतुळीत निघेल. उरलेल्या दोहोंत तंतू उपटले जातील. तेथे पटाशी उलट दिशेने चालवा, तंटा मिटेल. कोणते दोन पाव, आणि का, हे कागदावर रेषा काढून शोधा. मग पान कोरा, मग काठीची मूठ. दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. पटाशीला धार हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि तीच घसरते.

दुसरा गुरू पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरले, की लाकूड आकसू लागते. लांबीत जवळजवळ नाहीच. पण वाढवलयांच्या कडेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. ही ओढाताण सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात अख्ख्या ओल्या ओंडक्यावर कोरलेला चेहरा उन्हाळ्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकतो. एका ठोकळ्याचे वजन आणि रुंदी जुलैत मोजा, एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. प्रयोगशाळेच्या तराजूला याहून चांगले काम कोणते?

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. सहल गेली तर तेथल्या लाकडी खांबांत रेषा उभ्या का ठेवल्या, हे सुताराच्या नजरेने पाहा.

आणि लाकडासाठी झाड तोडू नका. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. फळांच्या खोक्यांच्या फळ्या पुरेत. पाचगणीच्या रस्त्यांवरचा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला. सुताराकडे त्याचा तुकडा मिळाला तर बघा. गाभ्यापासून सालीकडे चिरलेल्या बाजूवर चकाकते पट्टे दिसतील. ते आडव्या पेशींचे आहेत. तुमची पटाशी तेथे कशी चालते, ते फळीच्या मागे तारखेसह लिहून ठेवा.