‘फायटर’ माशाला वाली कोण?

शोभिवंत माशांच्या दुकानात काउंटरवर प्लास्टिकच्या छोट्या पेल्यांची रांग असते. प्रत्येक पेल्यात एकच मासा; निळा, लाल किंवा पांढरा, झालरीसारख्या परांचा. बाजारात त्याला ‘फायटर’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’. ‘याला मोटर लागत नाही, बाऊलमध्येही जगतो,’ असे सांगून तो विकला जातो. यातले निम्मेच खरे आहे आणि उरलेल्या निम्म्याची किंमत मासा मोजतो.

हा मासा मूळचा थायलंडचा. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणूस त्याला किमान हजार वर्षांपासून पाळतो आहे. भातखाचरे आणि दलदलीच्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे कल्ल्यांच्या जोडीला या माशाकडे ‘लॅबिरिंथ’ नावाचा खास अवयव आहे. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवेतला श्वास घेतो. म्हणूनच पेल्यात तो गुदमरत नाही. पण त्याच पेल्यात त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो. त्यावर लॅबिरिंथचा काही उपाय चालत नाही. कल्ले पोळतात, पर झडतात, मासा तळाशी पडून राहतो.

कायदा काय म्हणतो? मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालये आणि शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले. त्यांत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी आहेत, मासे नाहीत. उरतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात त्याला कोंडणे आणि करमणुकीसाठी झुंजवणे, दोन्ही गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात बहुतेक दुकानांत एक फायटरही येत नाही. अशा स्थितीत माशाचे बरेवाईट विकत घेणाऱ्याच्या आणि पैदास करणाऱ्याच्या हाती राहते.

वऱ्हाडात ही जबाबदारी आणखी वाढते. पहिले कारण उन्हाळा. फायटरला २४ ते २८ अंश तापमानाचे पाणी मानवते. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला होता. लिटरभर पाण्याचा बाऊल खोलीबरोबर तापतो आणि रात्री झपाट्याने निवतो. वीस लिटरच्या टाकीत हा चढउतार सावकाश होतो. शिवाय पाणी जितके गरम, तितका अमोनिया जास्त घातक. टाकी कूलर असलेल्या खोलीत, उन्हापासून आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावी. पाणी तापले म्हणून बर्फ टाकू नये. एकदम झालेला बदल माशाला सोसत नाही. हिवाळ्यात पहाटे पाणी फार गार होते, तेव्हा छोटा हीटर लागतो.

दुसरे कारण पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथले बोअरचे पाणी टाकीत वापरू नये. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. उन्हाळ्यात पातळी घटली की वरून तेच पाणी ओतत गेल्यास क्षार वाढतच जातात. म्हणून नुसती भर घालून भागत नाही; दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून नवे घालावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की त्यातले क्लोरिन बरेचसे निघून जाते. आरओच्या कॅनचे पाणी एकटे वापरू नये, कारण त्यात खनिजे फारच कमी असतात. ते नळाच्या पाण्यात मिसळावे.

टाकीत संथ फिल्टर असावा. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यातच वाढतात आणि स्थिरावायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून टाकी आधी, मासा नंतर. हा मासा उडी मारतो, त्यामुळे वर झाकण हवे; पण श्वासासाठी पाण्यावर मोकळी जागाही ठेवावी. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

आता पैदाशीविषयी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मत्स्यपालनाला अनुदान आहे. त्यामुळे हा जोडधंदा अनेकांना खुणावतो. नर फेसाचे घरटे बांधतो आणि अंडी सांभाळतो. अंडी घातल्यावर मादीला लगेच वेगळे करावे लागते. एका विणीत काहीशे पिल्ले निघू शकतात. दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागतात आणि प्रत्येकाला वेगळे भांडे लागते. पन्नास नर म्हणजे पन्नास भांडी आणि तेवढ्यांचे पाणी बदलणे. ही तयारी नसेल तर जोडी लावू नये.

दिसण्यासाठी केलेल्या निवडीचेही दुष्परिणाम आहेत. ‘ड्रॅगन’ प्रकारात जाड चकाकते खवले डोळ्यांवर वाढून मासा आंधळा होऊ शकतो. फार लांब शेपटीचे मासे ओझ्याने थकतात, काही स्वतःचीच शेपूट कुरतडतात. असे मासे पैदाशीला वापरू नयेत. नको झालेले मासे वडाळी तलावात किंवा मोर्णेत सोडणे हा उपाय नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात हा परका मासा मोकळ्या पाण्यात स्थिरावला आहे.

विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: मासा कुठून आला, पेल्यातले पाणी किती दिवसांनी बदलता, आणि मासा किती महिन्यांचा आहे. उत्तरे मिळाली नाहीत तर तो घेऊ नये. दयेपोटी पेल्यातला आजारी मासा विकत घेतला, तरी त्या जागी दुसरा पेला येतो. नीट सांभाळला तर फायटर दोन ते चार वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याचे पाणी बदलायची तयारी असेल, तरच त्याला घरी आणावे.