अज्ञात दाव्यांची फारखत

माझा एक जुना विद्यार्थी फ्रँचायझी घेऊन दुकान चालवितो. मुदत संपताच कंपनीने अट घातली: ‘आजवरचे ज्ञात-अज्ञात सर्व दावे सोडले’ असे लिहून द्या, तरच नवा करार! मी पडलो शाळामास्तर. विचारतो, जे ठाऊकच नाही ते सोडायचे कसे? पुरवठादाराकडून कंपनीने परस्पर दलाली घेतल्याचे उद्या कळले तर? कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी संहितेतील कलम १५४२ म्हणते, सही करताना ठाऊक नसलेला दावा सरसकट फारखतीने बुडत नाही. पण तेथले धूर्त वकील त्या कलमावरही पाणी सोडवून घेतात! आपला करार कायदाही १८७२ चाच. त्यात असे कलमच नाही. वाचकहो, लक्ष्मीपूजनाला वह्या पूजताना ध्यानी धरा: हिशेब न दाखविता मागितलेली फारखत ही तडजोड नव्हे, लूट होय.