घर हप्त्यावर, पण खरेदीखत कधी?

आपल्या वाचकांपैकी काहींच्या नावावर आता दुसरं घर आहे. बदलीच्या गावी घेतलेला फ्लॅट एक, आणि आधीच्या गावात रिकामा पडलेला दुसरा. तो ठेवून भाडं घ्यावं, की बँकेचं कर्ज न मिळणाऱ्या एखाद्या कुटुंबाला महिन्याच्या हप्त्यावर विकून टाकावा? आपलेच काही नातेवाईक या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला उभे असतात. हातात पगाराची पावती नाही, म्हणून बँक दारातूनच परत पाठवते. मग कोणीतरी म्हणतं, माझं घर आहे, थोडं आगाऊ द्या, बाकी हप्त्याने फेडा.

ऐकायला हे माणुसकीचं वाटतं. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे घराकडे टाकलेलं पाऊल, असा आपला सरसकट समज आहे. हा समज शिकागो शहरातल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांना काय पडला, ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत १९३४ पासून केंद्र सरकारची एक संस्था घरकर्जांना हमी देऊ लागली. कृष्णवर्णीय राहतात त्या वस्त्यांना मात्र ती हमी नाही. सरकारने पाठ फिरवल्यावर बँकांनीही फिरवली. ही पोकळी भरायला सट्टेबाज पुढे आले. शेजारी काळे लोक येणार अशी भीती घालून ते गोऱ्यांकडून घर पडत्या भावात घेत आणि दुपटीने हप्त्याच्या करारावर कृष्णवर्णीय कुटुंबाला देत. मिसिसिपीहून आलेल्या क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये नॉर्थ लॉनडेल भागात असं घर २७,५०० डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतलेलं होतं. राहायला गेल्यावर तीन महिन्यांत घर गरम ठेवणारा बॉयलर फुटला. दुरुस्ती रॉस यांच्या माथी, कारण कागदावर ते खरेदीदार होते. मालकी मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विक्रेत्याचीच. एक हप्ता चुकला तर घर जाणार, आणि तोवर भरलेला एकही डॉलर परत मिळणार नाही.

गुंतवणूकदाराच्या वहीत हे कसं दिसतं ते बघा. भाड्याने दिलेलं घर रिकामं पडलं की मालकाचं नुकसान होतं. म्हणून भाडेकरू टिकावा यात त्याचाही थोडा स्वार्थ असतो. गळकं छप्पर त्याचं, कर त्याचा, आणि अनामत रक्कम परत द्यायची असते. हप्त्याच्या करारात हे गणित उलटं फिरतं. खरेदीदार मोडला की विक्रेत्याला घर परत मिळतं, वर दुरुस्त केलेलं, आणि ते पुढच्या कुटुंबाला नव्या आगाऊ रकमेवर पुन्हा विकता येतं. समोरचा बुडण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याने दिलेली सवलत कितीही गोड बोलून दिलेली असली तरी ती सवलत नव्हे.

ड्यूक विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासानुसार १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं अशा करारावर गेली आणि त्यांचं ३ ते ४ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. हप्ता चुकू नये म्हणून लोक दोन-दोन नोकऱ्या करत, घरात पोटभाडेकरू ठेवत, डागडुजी पुढे ढकलत. वस्ती खंगली. मग शहर म्हणालं, हे लोक जिथे जातात तिथे घाण करतात. हे वाक्य आपल्याला नवं नाही.

भाडं म्हणजे पुण्यकर्म, असं मात्र मुळीच नाही. या सट्टेबाजांविरुद्ध लढणारे वकील मार्क सॅटर स्वतः लॉनडेलमध्ये भाड्याच्या इमारतींचे मालक होते. १९६५ मध्ये ते वारले आणि त्या इमारती कुटुंबाच्या हातून गेल्या. त्यांची मुलगी बेरिल सॅटर यांनी पुढे या सगळ्याचा इतिहास लिहिला. आणि आपल्याकडे भाड्याचं दार आधी आडनाव विचारतं. १९१७ मध्ये बडोद्याला बाबासाहेबांना जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेलं. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्ली परिसराचा अभ्यास सांगतो की दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना आजही नकार मिळतो. भाड्याने घर मिळत नाही, म्हणूनही माणूस मिळेल त्या करारावर सही करतो. शिकागोत वेगळं काय होतं?

तिथले लोक गप्प बसले नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग उभी केली, रॉस त्यात पुढे होते. त्यांनी हप्ते रोखले. पोलिसांनी रस्त्यावर काढलेलं सामान शेजारीपाजारी उचलून पुन्हा घरात नेत. शेकडो करार नव्याने, कमी किमतीत करून घेतले गेले. कोर्टात मात्र १९७६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या विरोधात निकाल दिला.

आपला कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा नुसता करार मालकी देत नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतं. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेल्या’ घराची मालकी त्या कागदाने मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण त्याच कलम ५४ मध्ये एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. किमतीचा काही भाग दिलेला आणि काही देण्याचं वचन असेल, तरीही विक्री पूर्ण होऊ शकते. म्हणजे खरेदीखत आजच नोंदवायचं आणि राहिलेल्या रकमेचा बोजा घरावर ठेवायचा, किंवा विक्रेत्याने गहाणखत करून घ्यायचं. मग हप्ता थकला तर विक्रेत्याला वसुलीसाठी कोर्टात जावं लागतं, येणं वळतं करून उरलेले पैसे खरेदीदाराचे राहतात. हप्त्यावर विकायचंच असेल तर असं विका. हा धोका नको असेल तर सरळ भाड्याने द्या आणि छप्पर स्वतः दुरुस्त करा. दोन्हींचे फायदे खिशात घालणारा मधला करार आपल्या माणसाने आपल्या माणसाशी करू नये, परक्याशीही करू नये.

ज्यांच्या घरात असा स्टॅम्पपेपर आधीच पडून आहे, त्यांनी तो आज बाहेर काढावा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. २००१ च्या दुरुस्तीपासून ताब्याला कलम ५३अ चं संरक्षण हवं असेल तर करार नोंदवलेलाच लागतो. पुढचे हप्ते रोखीने देऊ नका, बँकेतून द्या. ‘भरलेले पैसे जप्त’ हे कलम वाचून घाबरू नका, कारण करार कायद्याचं कलम ७४ विक्रेत्याला वाजवी भरपाईपुरताच हक्क देतं. आणि खरेदीखताची ठरलेली तारीख उलटली असेल, किंवा तारीख नसताना विक्रेत्याने नकार कळवला असेल, तर दावा लावायला तिथपासून ३ वर्षं आहेत. ती मोजून ठेवा.